अक्षताच्या रंगाची बाहुली

अक्षताचा खालचा पहिला दात पडला तो कडक भाकरी खाताना. दात हलतोय हे कळल्यापासून सुकन्या लेकीला मऊ भात भरवत होती, आणि बापानं शेंगाचटणीबरोबर भाकरीचा एक तुकडा हातात दिला नि काम झालं. सुकन्यानं रक्त बघितलं, मीठपाण्याच्या गुळण्या करवल्या, साडेपाचव्या वर्षी दात पडणं लवकर तर नाही ना ते फोनवर वाचलं, आणि लवकर नाही असं कळल्यावर आणखी दोन ठिकाणी वाचून खात्री करून घेतली. मग तिनं अक्षताला मांडीवर बसवून समजावलं. हा दुधाचा दात. हा जातो, आणि त्याच्या जागी मोठा, पक्का येतो.

अक्षतानं सगळं ऐकून घेतलं. तिच्या कुशीत तिची बाहुली होती. गुलाबी गाल, पिवळे केस, निळे डोळे, आडवी केली की पापण्या मिटणारी.

"आणि कातडी कधी पडते?" तिनं विचारलं.

"कसली कातडी?"

"ही." तिनं आपल्या हाताला चिमटा घेऊन दाखवला. "ही दुधाची आहे ना. ही गेली की मग अशी येणार." शेजारी तिनं बाहुलीचा हात धरला. "ही मोठी अक्षता आहे. मी आत्ताची."

ती रडत नव्हती, की कसली तक्रार करत नव्हती. जूनमध्ये पहिलीत जाणार, तशी पुढे कधीतरी गोरी होणार, एवढं साधं तिच्या डोक्यात होतं. सुकन्याला लागला तो हा शांतपणा. रडली असती तर पुसायला डोळे तरी होते.

"कुणी सांगितलं तुला असं?"

"कुणी नाही. आज्जी म्हणते पीठ-साय लावली की उजळतं. आणि सगळ्या बाहुल्या अशाच असतात की."

सुकन्या रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली. बिस्किटाचा पुडा ती आधी मागून वाचायची आणि मग फोडायची. लेकीचा रंग बापावर गेला होता आणि बापाचा त्याच्या आईवर. बारशाला आलेली माहेरची माणसं पाळण्यात डोकावून "आईवर नाही गेली गं" असं म्हणाली, तेव्हापासून सुकन्या पहाऱ्यावर होती. क्रीमची जाहिरात लागली की चॅनल बदलायचं. गोष्टीतली राजकन्या वाचताना 'गोरीपान' हा शब्द गिळायचा. पाहुणे "रंग सोडला तर नाकीडोळी छान" म्हणाले की चहा उशिरा द्यायचा. आणि बाहुल्या? वाढदिवसाला येणारी प्रत्येक बाहुली तिनं तपासून घेतली होती. रंगात शिसं आहे का, डोळा निघून घशात जाईल का, केस जळले तर विषारी धूर होईल का. त्या सगळ्या बाहुल्या मिळून पोरीला रोज काय सांगतायत, हे तपासायचं तेवढं राहून गेलं.

संध्याकाळी बसूला सांगितलं तर तो हसला. बसू म्हणजे बसवराज, तिचा नवरा, जिल्हा परिषदेत नोकरीला.

"मी पण वाट बघतोय," तो म्हणाला. "अजून माझी काय पडली नाही कातडी."

"हसण्यावारी नेऊ नका. ती खरंच वाट बघतेय."

"मग काय करू? ती बाहुली फेकून देऊ?"

"फेकायची कशाला. आवडती आहे तिची. आणखी एक आणायची. तिच्यासारखी दिसणारी."

"मग आण की. त्यात काय एवढं."

त्यात काय एवढं ते सुकन्याला शनिवारी सोलापूरच्या नव्या पेठेत, खेळण्यांच्या दुकानात कळलं.

दुकानदार हौशी होता. "कुठली दाखवू मॅडम? गाणारी, चालणारी, का केस धुता येतेत ती?"

"सावळी दाखवा."

"सावळी म्हंजे?"

"म्हणजे आपल्यासारखी. हिच्यासारखी."

त्यानं काउंटरवर हनुवटी टेकवून उभ्या असलेल्या अक्षताकडे बघितलं, वरच्या फळीवरून खोकी काढली आणि समोर मांडली. घागऱ्यातली. डॉक्टरीणबाईच्या कोटातली. नऊवारी नेसलेली, नथ घातलेली, कपाळावर चंद्रकोर. सगळ्यांचे गाल एकाच गुलाबी डब्यात बुडवून काढलेले.

"ही बघा की, पक्की मराठमोळी."

"साडी मराठमोळी आहे. तोंड कुठलंय?"

"तोंड कंपनीचंच असतंय मॅडम. सगळ्यास्नी एकच. वरनं कपडे बदलतेत."

"काळी कुणी मागतच नाही का?"

दुकानदाराचा चेहरा एकदम खुलला. "काळी बाहुली व्हय. असं म्हणा की आधी. ती हितं न्हाई मिळत. मधल्या मारुतीकडं जावा, पूजेच्या सामानाच्या दुकानात. लिंबू-मिरची संगंच देतेत. गाडीला पाहिजे का घराला?"

सुकन्यानं तिथूनच परत फिरायला हवं होतं. पण कुठलीही शक्यता तपासल्याशिवाय सोडायची नाही हा तिचा स्वभाव. एखादी साधी, गोड चेहऱ्याची निघालीच तर, असं म्हणत ती लेकीला घेऊन गेली. दुकानाच्या दारातच दोरीला त्या गुच्छानं उलट्या लोंबत होत्या. काळ्या चिंधीचं अंग, पांढऱ्या दोऱ्याचे वटारलेले डोळे, बाहेर काढलेली लाल जीभ.

अक्षतानं आईची ओढणी धरली. तरी एका बाहुलीला हात लावायला गेलीच. दुकानातले आजोबा प्रेमळपणे म्हणाले, "ह्या खेळायच्या न्हाईत बाळा. ह्या भ्यायच्या असतेत."

परतीच्या रिक्षात सुकन्या फोनवर शोधत बसली. एक सापडली. गडद रंग, कुरळ्या केसांचा मोठा पिसारा, पिवळा झगा. खरोखर सुंदर होती. तिनं फोन अक्षतापुढे धरला. अक्षतानं बराच वेळ बघितलं.

"छान आहे. ही कुठल्या गावची?"

"लांबची. अमेरिकेतली असेल, नाहीतर आफ्रिकेतली."

"मग तिला तिकडंच राहू दे की. तिकडच्या मुली तिला शोधत असतील."

सुकन्यानं फोन पर्समध्ये टाकला. पोरीचं बरोबर होतं. प्रश्न गडद बाहुलीचा नव्हताच. तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, जाड भुवया, गुडघ्यावर पडल्याची खूण, असलं कुणी जगात असतं आणि ते बाहुली होण्याइतकं लाडाचं असतं, एवढंच तर पोरीला कळायला हवं होतं. ते दुकानात नसेल तर घरी करायचं.

सोलापुरात एक बरं आहे, गणवेशाच्या कापडाला तोटा नाही. कुठल्या कुठल्या गावांतल्या शाळांचे गणवेश इथं शिवले जातात, आणि उरलेले तुकडे कटपीसच्या दुकानात येऊन पडतात. सुकन्यानं अक्षताची बाही दुमडली आणि तिचा हात काउंटरवर ठेवला.

"ह्या रंगाचं कापड हवंय."

दुकानदारानं हाताकडे बघितलं, मग तिच्याकडे. "कुठली शाळा?"

"शाळा नाही. बाहुली."

"बाहुलीची शाळा?"

"बाहुली करायचीय. हिच्या रंगाची."

मग त्याला त्यात रस आला. कॉफी काढली, चॉकलेटी काढली, बिस्किट काढली, खाकी काढली. एकेक तुकडा पोरीच्या हातावर टाकून बघितला. अक्षता हात न हलवता मोठ्या ऐटीत उभी होती. साडीच्या दुकानात बायका करतात तशी मध्येच नाकही मुरडत होती.

"कॉफी नको. मी एवढी कडू नाही."

"वरचा रंग धरायचा का आतला?" दुकानदारानं तिचा कोपर उलटा करून विचारलं. "आत वेगळाच शेड हाय की हिचा."

"वरचा," सुकन्या म्हणाली. "लोकांना दिसतो तो."

"मग बाहेर या. ट्यूबलाइटमध्ये कापड खोटं बोलतंय."

रस्त्यावर उन्हात उभं राहून, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, एक तुकडा अखेर हातावर असा बसला की हात कुठं संपतो आणि कापड कुठं सुरू होतं ते कळेना. भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा रंग.

"ह्या शाळेनं गणवेश बदलला," दुकानदार म्हणाला. "पोरं मळकी दिसतेत म्हणे ह्यात. घेऊन जावा."

सुकन्याचं शिवणकाम म्हणजे उशीचे अभ्रे. रविवारी शिवायला बसली तर बाहुलीचा एक हात दुसऱ्यापेक्षा लांब झाला. पोटात जुन्या टॉवेलचे तुकडे भरले ते एका बाजूला गोळा झाले. पण अक्षता शेजारी बसून देखरेख करत होती आणि तिला सगळं मंजूर होतं. काळ्या लोकरीच्या वेण्या तिनं स्वतः आवळल्या. गुडघ्यावर खूण हवीच म्हणाली. तोंडात दाताची एक जागा रिकामी ठेवायची असंही ठरलं. "म्हणजे तिला पण कळेल, वाट बघावी लागते ते."

सुकन्याच्या हातातली सुई थांबली. "कशाची वाट?"

"दाताची."

एवढंच ना, कातडीची तर नाही ना, हे विचारायचा धीर तिला झाला नाही. चेहरा आणि परकर दुसऱ्या दिवसावर टाकून ती झोपली. बाहुली हॉलमधल्या खुर्चीवर राहिली. अंगावर कपडा नाही, चेहरा कोरा, दोन वेण्या तेवढ्या टांगलेल्या.

दुसऱ्या दिवशी वळसंगहून शांतम्मा आल्या, बसूच्या आई. कर्नाटकाच्या वाऱ्यातली बाई, दोन वाक्यं मराठीत बोलून तिसरं कानडीत टाकणारी. एस.टी.तून उतरल्या त्या भाकरीचं गाठोडं, शेंगा आणि साईचा डबा घेऊन. साय अक्षतासाठी, उजळायला. बसू-सुकन्या या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यापासून त्यांचं फोनवर एकच टुमणं होतं, दारावर काही बांधलं का. सुकन्या दर वेळी "बघू अव्वा" म्हणून विषय बदलायची. सासूला चहा देऊन ती अक्षताला आणायला शाळेत गेली.

मायलेकी परत आल्या, जिना चढून वर आल्या, आणि सुकन्याचा पाय पायरीवरच थांबला.

दाराच्या चौकटीवर खिळा होता. खिळ्याला दोरा. दोऱ्याला पाय बांधून बाहुली उलटी टांगलेली. पायांच्या मधे लिंबू आणि हिरव्या मिरच्या, आणि खाली लोंबणाऱ्या दोन वेण्या.

दारात शांतम्मा समाधानानं उभ्या होत्या. "चांगलं केलंस बाई. मला वाटायचं तुला असलं पटत न्हाई, आणि तू तर हातानं करून ठिवलीस की. दुकानातल्यापरास लई झाक हाय. फकस्त टांगायची ऱ्हायली हुती, तेवढं मी केलं."

चूक इतकी मायेची होती की रागवायलाही जागा नव्हती. सुकन्यानं खाली बघितलं. अक्षता मान मागं टाकून वर बघत होती, पाठीवर दप्तर, तोंड किंचित उघडं.

"आज्जी," ती म्हणाली, "मला का टांगलंय?"

"तुला कुटं गं? बाहुली हाय ती."

"ती मीच आहे. माझ्या हातावर ठेवून कापड घेतलंय." तिनं हात पुढे केला. "बघ."

"आगं, काळी बाहुली दारावर लावतेत. आपल्या घराला नजर लागू नये म्हणून. वाईट वाईट जे काय यील ते तिच्यावर जातंय, आत येत न्हाई."

"काळी असते म्हणून?"

"व्हय."

अक्षतानं विचार केला. सुकन्याला तो विचार कपाळावर चालताना दिसत होता, आणि तिला कळत होतं की आत्ता जे पोरीच्या मनात बसेल ते पुन्हा कुठल्याही गोष्टीनं, कुठल्याही कापडानं निघायचं नाही. काहीतरी बोलायला हवं होतं. तिनं या विषयावर किती वाचलं होतं. पण वाचलेलं सगळं अशा भाषेत होतं की जिन्यावर, सासूपुढे, त्यातलं एक वाक्य उच्चारता येईना.

"अव्वा, ती खेळायची बाहुली होती," एवढंच ती म्हणाली. "अक्षतासाठी. अर्धी झाली होती."

शांतम्मांचा हात तोंडावर गेला. "यव्वा. मग बोलायचं न्हाईस व्हय गं आधी?" त्या लगबगीनं स्टूल घेऊन आल्या, वर चढल्या, सुकन्यानं स्टूल धरलं. दोरा सुटला, लिंबू गडगडत खालच्या मजल्यावर गेलं. अक्षतानं बाहुली झेलली, सरळ केली, तिच्या पायांवरचा दोऱ्याचा वळ बोटानं चोळला आणि दाराकडे निघाली.

"थांब थांब," शांतम्मा आडव्या झाल्या. "आता आत न्हाई आणायची."

"का?"

"एकदा दारावर चढली की आत घेत न्हाईत, बाळा. तिनं सगळं वढून घेतल्यालं असतंय. तिठ्यावर टाकायची आणि मागं न बघता यायचं. मी तुला दुसरी आणीन. लई मोठी. गोरीपान."

अक्षता मागं फिरली. बाहुलीला मांडीवर घेऊन, दप्तर पाठीवर तसंच ठेवून, ती वरच्या पायरीवर जाऊन बसली.

"आत ये गं," सुकन्या म्हणाली.

"तिला घेत नाहीत तर मी पण नाही."

शांतम्मा सुकन्याकडे बघू लागल्या, सुकन्या त्यांच्याकडे. एकीला घरात नजर आलेली चालणार नव्हती, दुसरीला पोर बाहेर राहिलेली. आणि दोघींना पोर तेवढीच प्यारी. दिवे लागायची वेळ झाली तरी तिघी जिन्यातच होत्या. बसू हेल्मेट काखेत मारून वर आला तेव्हा त्याला वाटलं किल्ली हरवली.

"मला टांगलं होतं," अक्षतानं त्याला सांगितलं.

त्यानं बायकोचं तोंड बघितलं, आईचं बघितलं, खिळा बघितला आणि शहाण्यासारखा लेकीच्या खालच्या पायरीवर बसला. "अव्वा, चहा तरी बाहेर दे मग."

"चहा सुचतोय ह्याला," शांतम्मा म्हणाल्या. त्याही उंबऱ्यावर टेकल्या. "मी काय वाईटासाठी केलं व्हय? परवा पोरीला ताप आला तवा कोण जागलं? फोनवर तिचा फोटू लावून मी तिकडनं दृष्ट काढली, तवा कुटं उतरला."

अक्षतानं मान वर केली. "मला नजर लागली होती?"

"लागली हुती की. लई."

"मग मला तिठ्यावर का नाही टाकलं?"

बसूला हसू आवरेना, म्हणून त्यानं हेल्मेट डोक्यात घातलं.

"तुझी दृष्ट काढली ना गं," शांतम्मा म्हणाल्या. "लेकराची काढतेत. टाकत न्हाईत."

"मग हिची पण काढ."

"बाहुलीची कोण काढतंय? दृष्ट माणसाची काढतेत. हिला तर तोंड बी न्हाई."

"तोंड आज होणारच होतं," सुकन्या म्हणाली, आणि स्वतःच्याच आवाजातल्या घाईचं तिला नवल वाटलं. ती आत पळाली आणि सुईदोऱ्याचा डबा घेऊन आली.

जिन्यातला दिवा मिणमिणता. बसूनं फोनची बॅटरी धरली. सुकन्या पायरीवर बसून डोळे भरू लागली. शांतम्मा आधी लांबून बघत होत्या, मग सरकत सरकत जवळ आल्या.

"डोळं बारीक करू नगंस. आमच्यात सगळ्यांचं डोळं मोठं. हितनं घे. आन भुवया जाड."

"जाडच करतेय अव्वा."

"नाक जरा पसरट. व्हय, असं. ह्या बसूचं लहानपणी असंच हुतं."

"अजून आहे," बसू म्हणाला.

समोरचं दार उघडलं. सावित्रम्मा, तेलुगू पद्मशाली घरातल्या शेजारीण, दुधाची पिशवी घ्यायला निघाल्या होत्या. एवढं कुटुंब जिन्यात बसलेलं बघून थांबल्या, वाकून बाहुलीकडे बघितलं.

"कोण हो ही? तोंड तर तुमचंच आहे की शांतम्मा. डिट्टो."

"माझं कशाला?" शांतम्मा म्हणाल्या. पण त्यांनी बाहुली सुकन्याच्या हातातून काढून घेतली, उजेडात धरली आणि खूप वेळ परत दिली नाही.

"छंद ऐती की," हळूच म्हणाल्या. कानडीत, म्हणजे मनापासून. देखणी आहे की.

मग उठल्या. धुपाटण्यात निखारे आले, हातात मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या आल्या. अक्षतानं बाहुलीला वरच्या पायरीवर नीट बसवलं, तिच्या शेजारी स्वतः बसली, आणि दुसऱ्या बाजूची जागा हातानं झाडून म्हणाली, "आज्जी, तू पण बस."

"मी बसल्यावर काढायचं कुणी?"

"आई काढेल. तुझी कोण काढतं?"

"माझी?" शांतम्मा हसल्या. "माझी कोण काढंल गं? नजर लागाय माणूस देखणं असावं लागतंय." हे त्यांनी एस.टी. किती वाजता येते ते सांगावं तसं सांगितलं. त्यात काही दुखतंय असं त्यांना वाटत नव्हतं, आणि सुकन्याला लेकीचा तो आवाज आठवला, कातडी कधी पडते विचारणारा. तोच होता. फक्त वाट बघायचं सोडून दिलेला.

"ही देखणी आहे?" अक्षतानं बाहुलीवर बोट ठेवलं.

"हाय की. मीच म्हनलं न्हवं आत्ता."

"आणि मी?"

"तू तर हायसच."

"मग तू कशी नाही? आपला रंग तर एकच आहे." तिनं आज्जीचा हात ओढून घेतला आणि आपल्या हाताशेजारी ठेवला, आणि त्यावर बाहुलीचा तो लांब झालेला हात.

शांतम्मा बघत राहिल्या. मग पदर सावरून पायरीवर बसल्या. जागा कमी पडली तसं बाहुलीला मांडीवर घेतलं.

"काढ बाई," सुनेला म्हणाल्या. "हिच्या तोंडाला कोण लागंल?"

मूठ आता सुकन्याच्या हातात आली. एम.एस्सी. झालेल्या सुकन्याला दृष्टीतलं काही येत नव्हतं. मिरचीत काय जळतं आणि ठसका कशानं लागतो ते मात्र तिला पक्कं माहीत होतं. तिनं तिघींवरून मूठ ओवाळली आणि सुचेल ते म्हणू लागली.

"जिन्यानं येणाऱ्याची, दारावरनं जाणाऱ्याची, बघून न बघितल्यासारखं करणाऱ्याची, बघून नाक मुरडणाऱ्याची..."

"थुंक," शांतम्मांनी मधेच आठवण केली.

"थू थू. सगळ्यांची गेली."

मूठ निखाऱ्यावर पडली. एरवी हे घरात करतात, तिथं खिडकी असते. बंद जिन्यात धुराला जायला जागा नव्हती. आधी बसू खोकला, हेल्मेटच्या आतून. मग सावित्रम्मा पदर तोंडाला लावून आत पळाल्या आणि दाराआड शिंकत राहिल्या. खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "काय जाळताय ओ?" अक्षताच्या नाकातून पाणी आलं, ती खोकताना हसत होती आणि हसताना खोकत होती, आणि एका हातानं बाहुलीचे नवे डोळे झाकत होती, तिला झोंबू नये म्हणून.

शांतम्मांचे डोळे वाहत होते. नजर लागलेली असली तर मिरची जळूनही ठसका येत नाही, जितकी मोठी नजर तितका ठसका कमी, एवढं तर सोलापुरात सुकन्यालाही माहीत होतं. छाती आवळून, जिवाच्या आकांतानं खोकला दाबत शांतम्मांनी सुनेकडे बघितलं.

"ठसका," त्यांनी कसंबसं विचारलं, "आला का गं?"

सुकन्याच्या घशात आग होती. श्वास घेता येत नव्हता. तिनं ओढणीनं डोळे पुसले आणि सासूकडे सरळ बघत मान हलवली.

"नाही अव्वा. अजिबात नाही."

"तरी म्हनलं," शांतम्मा म्हणाल्या. "लई लागली हुती." मग त्या बाहुलीला खांद्यावर टाकून उठल्या आणि सगळ्यांच्या आधी घरात गेल्या.